पापण्यांचं ऑपरेशन करून घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पुण्यात एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आमच्याकडे पापण्यांसाठी जे पेशंट येतात त्यांची पहिली तपासणी माझ्याकडे असते, मोजमापं, फोटो, अश्रूंची टेस्ट वगैरे, आणि मग ते सर्जनकडे जातात. हे माहीत असल्यामुळे लग्नात जा नाहीतर सोसायटीच्या हळदीकुंकवाला जा, कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच की अगं ते पापण्यांचं ऑपरेशन करतात ना, मी करून घेऊ का, डोळ्याला काही होणार नाही ना. आणि हल्ली पुरुषही विचारतात, रिटायरमेंटच्या आसपासचे काका लोक, की सगळे म्हणतात तुम्ही सतत थकलेले दिसता. सगळे हळू आवाजात विचारतात, त्याचं मला वाईट वाटतं. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

तर उत्तर असं की ऑपरेशन चांगलं आहे, योग्य माणसाचं योग्य हाताने झालं तर लोक खरंच खूश होतात, पण आरशात तुम्हाला जे खटकतंय ते नक्की कशामुळे आहे हे आधी कळलं पाहिजे. ब्लेफॅरोप्लास्टी म्हणून जे करतात त्यात जास्तीची कातडी काढतात आणि चरबी काढतात किंवा जागा बदलून बसवतात, मुख्य काम एवढंच. तुमची तक्रार या दोन गोष्टींमुळे नसेल तर पैसे जाणार, सूज सोसणार आणि आरशात तेच दिसणार.

मध्ये एक काकू आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, वरच्या पापण्या खाली आल्या म्हणून, आणि त्यांनी यूट्यूबवर बघून ठरवूनच टाकलं होतं की कातडी काढायची. मी त्यांना समोर बसवलं, भुवईवर अंगठा दाबून धरला म्हणजे कपाळाची मदत मिळणार नाही, आणि सरळ बघायला सांगितलं. टॉर्चचा ठिपका बुबुळाच्या मध्यावर दिसतो, त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या काठापर्यंत पट्टीने मोजायचं, साधारण 4 ते 5 मिलिमीटर असायला हवं. काकूंचं 2 सुद्धा भरेना. मग कापसाच्या काडीने लोंबणारी कातडी हळूच वर उचलून धरली तर आत काठ तसाच खाली. म्हणजे कातडी होती जास्त, पण खरा प्रॉब्लेम पापणी उचलणाऱ्या स्नायूचा होता, वयाने त्या स्नायूची पापणीवरची पकड सैल होते, वर्षानुवर्षं हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांचीही होते. याला टोसिस म्हणतात आणि याचं ऑपरेशन वेगळं असतं, त्यात तो स्नायू घट्ट करतात. नुसती कातडी कापली असती तर ते म्हणजे परकराची नाडी सैल झालीय आणि आपण खालून दुमडून टीप मारतोय असं झालं असतं. त्यांचं शेवटी दोन्ही एकत्र केलं आमच्या सर्जन सरांनी.

आणि भुवईचं काय होतं तेही सांगते कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. पापणी जड झाली की माणूस नकळत कपाळ वर ओढून डोळे उघडतो, दिवसभर, म्हणून कपाळावर आडव्या आठ्या पडतात आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. ऑपरेशन झालं की कपाळाला ओढायची गरज उरत नाही, ते सैल पडतं आणि भुवई थोडी खाली येते, मग पेशंट म्हणतात अहो एवढं करून फरक कमीच दिसतो. काहींची तर मुळात भुवईच खाली आलेली असते आणि दोष पापणीला दिला जातो. हे सर्जनने आधीच आरसा हातात देऊन दाखवलं पाहिजे. याला उपाय म्हणून अजून कातडी काढा असा हट्ट मात्र करू नका, भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण 20 मिलिमीटर कातडी शिल्लक ठेवावीच लागते, नाहीतर डोळा मिटत नाही. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, जखमा होतात. कमी काढलेली कातडी नंतर अजून थोडी काढता येते, जास्त काढलेली परत आणायला दुसरीकडची कातडी लावावी लागते.

अजून एक गोष्ट, आणि ही मी मुद्दाम जरा मोठी करून सांगते. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी झाकत आलेली, असं रोज होत असेल तर ते आधी सांगा, तुमच्या मोबाईलमधले सकाळ-संध्याकाळचे फोटो दाखवा. एका ताईंच्या फोटोंत हा फरक इतका स्पष्ट होता की मी लगेच ग्लोव्हमध्ये बर्फ भरून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं ठेवला, काढला तर पापणी चांगलीच वर आलेली. ही साधी टेस्ट आहे, मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजाराचा संशय येतो त्यातून, ज्यात नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश नीट पोचत नाही. त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, रक्ताच्या तपासणीत तेच निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्या आमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी ऑपरेशनची तारीख घेऊन बसल्या होत्या, कुणी बर्फ ठेवून बघितलाच नव्हता. आणि पापणी अचानक एक-दोन दिवसांत पडली, सोबत दोन-दोन दिसतंय किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय, तर ते कॉस्मेटिकचं कामच नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जायचं, मेंदूतल्या रक्तवाहिनीचा प्रॉब्लेम असू शकतो.

आता डोळ्याखालचं. इथे सगळ्यात जास्त निराशा होते, कारण लोक काळी वर्तुळं घालवायला येतात. आपल्याकडे त्या काळेपणात रंगद्रव्याचा भाग मोठा असतो, घराण्यात असतो, अ‍ॅलर्जीमुळे डोळे चोळण्याची सवय असेल तर वाढतो, आणि तो रंग कुठलीही सुरी काढू शकत नाही. पिशव्या असतील, म्हणजे आतली चरबी पुढे आली असेल आणि तिच्या सावलीमुळे काळं दिसत असेल, तर फरक पडतो. घरच्या घरी बघायचं असेल तर उजेड समोरून चेहऱ्यावर येईल असं खिडकीसमोर उभं राहा, काळेपणा बराच कमी झाला तर सावली होती, तसाच राहिला तर रंग आहे. अगदी पक्की टेस्ट नाही ही, पण अंदाज येतो. गालाच्या हाडावर जी फुगीर सूज असते, सकाळी जास्त आणि दुपारी कमी, तीही या ऑपरेशनने जात नाही.

खालच्या पापणीचं ऑपरेशन वरच्यापेक्षा अवघड. नुसती चरबी असेल तर पापणीच्या आतल्या बाजूने करतात, बाहेर टाका दिसत नाही. पण पापणी सैल असेल आणि बाहेरून कातडी काढली तर ती खाली ओढली जाऊन डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, सारखं पाणी येतं. म्हणून आधी पापणी चिमटीत धरून पुढे ओढून सोडायची आणि किती पटकन परत बसते ते बघायचं, सैल असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात आधार देणारा टाका घ्यावा लागतो. तुमच्या सर्जनने पापणीला हात न लावता नुसतं बघून तारीख दिली तर मला ते चालणार नाही, तुम्हीही चालवून घेऊ नका.

डोळे कोरडे पडतात का हे तपासल्याशिवाय कुणी पुढे जाऊच नये. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतो आम्ही, 10 मिलिमीटरच्या वर ओली झाली तर बरं, 5 च्या खाली असेल तर डोळा खरोखर कोरडा, तिथे ऑपरेशन पुढे ढकलायचं किंवा अगदी हात राखून करायचं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे आणि मेनोपॉजच्या आसपासच्या बायका यांच्यात हे खूप सापडतं, आणि त्यांनाच पापण्यांची तक्रारही जास्त असते. लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालं असेल तर सांगा, साधारण सहा महिने थांबवतात. थायरॉइड असेल तर सांगाच, थायरॉइडमुळे डोळे पुढे आले असतील तर आजार स्थिर होऊन काही महिने जाऊ द्यावे लागतात, आणि गरज लागलीच तर आधी डोळ्याच्या खोबणीचं, मग तिरळेपणाचं आणि सगळ्यात शेवटी पापणीचं असा क्रम असतो.

गोळ्यांची यादी करताना लोक बीपी आणि शुगरची सांगतात आणि थांबतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी औषधं तर आहेतच, पण फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, कुणी दिलेला काढा, गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली पेनकिलर, हे सगळं सांगा, यातल्या बऱ्याच गोष्टींनी रक्त जास्त वाहतं. आणि हार्टच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेंट असलेल्या माणसाने पापणीच्या ऑपरेशनसाठी गोळी बंद करून अ‍ॅटॅक ओढवून घ्यायचा याला काही अर्थ नाही, कार्डिओलॉजिस्टला विचारून, लेखी घेऊन, मग ठरवायचं, आणि ते नको म्हणाले तर नको.

कुणाकडून करायचं, तर ऑक्युलोप्लास्टीचं, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाच्या सर्जरीचं, वेगळं शिक्षण घेतलेले डोळ्यांचे सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन जे पापण्यांचं काम नेहमी करतात. डिग्री विचारायला संकोच करू नका, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो प्रत्येकाचा. ब्युटी पार्लरला जोडून जी क्लिनिकं निघालीत तिथे नको. आणि रीलमध्ये जी कोरियातली ऑपरेशनं दिसतात ती बहुतेक पापणीला घडी पाडण्याची असतात, आपल्यातल्या बहुतेकांना ती घडी मुळातच असते, त्यामुळे ते आधीचे-नंतरचे फोटो तुमच्या काही उपयोगाचे नाहीत.

ऑपरेशनची भीती फार बाळगू नका. वरच्या पापण्यांचं बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन होतं, इंजेक्शन टोचताना चरचरतं, मग दुखत नाही, मध्येच डोळे उघडा-मिटा सांगतात. त्याच दिवशी घरी, पण गाडी चालवत नाही, सोबत कुणीतरी पाहिजे. दोन दिवस बर्फाचा शेक, दोन उशा घेऊन झोपायचं, वाकायचं नाही, कळशी-बादली उचलायची नाही, सूर्यनमस्कार-शीर्षासन डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद. टाके पाच ते सात दिवसांनी काढतात, काळंनिळं जायला दोन आठवडे धरा.

पहिल्या रात्रीचं मात्र लक्षात ठेवा आणि सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा. थोडं दुखणार, सुजणार, पुसट दिसणार कारण मलम असतं. पण एकाच डोळ्यात जोराचं दुखायला लागलं, डोळा पुढे आल्यासारखा आणि टणक वाटला, दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्या मिनिटाला फोन करून निघायचं. डोळ्याच्या मागे रक्त साठून नजरेची नस दाबली जाते. हे क्वचित होतं, साधारण दोन हजारांत एकाला रक्तस्राव होतो आणि त्यातही कायमची नजर जाणं फार दुर्मिळ, पण उपाय तासाभरात झाला तर नजर वाचते, म्हणून रात्री उचलला जाणारा नंबर आधीच घ्या आणि तो लागतो का हेही बघून घ्या.

पैशाचं विचारलंत तर, दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही, कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीतून वगळलेली असते. पण पापणीमुळे खरंच दिसायला अडथळा असेल तर प्रकरण वेगळं. आम्ही फील्ड टेस्ट, म्हणजे सरळ बघताना आजूबाजूचं आणि वरचं किती दिसतं ती तपासणी, दोनदा करतो, एकदा आहे तशी आणि एकदा पापणी चिकटपट्टीने वर चिकटवून, दोन्हींत फरक निघाला तर त्याचा रिपोर्ट, फोटो आणि डॉक्टरांचं पत्र जोडून आधी मंजुरी मागता येते. त्या काकूंचं मंजूर झालं होतं, पण त्यांनी कागद ऑपरेशनच्या आधी पाठवले होते.

लेकीच्या लग्नासाठी करणार असाल तर तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर ऑपरेशन गणपतीच्या आधी उरका. दोन-तीन आठवड्यांत चारचौघांत जाता येतं, पण टाक्याची रेघ मऊ व्हायला, गुलाबीपणा जायला काही महिने लागतात, आणि क्लोजअप फोटोत ती दिसते. ज्यांना पितृपक्षाचं काही वाटत नाही त्यांना तेव्हा तारीख पटकन मिळते हेही सांगून ठेवते, पण मग लग्न माघ-फाल्गुनातलं असू द्या.

पहिल्यांदा दाखवायला येताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणा, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आणा म्हणजे पापणी आधी कुठे होती ते कळतं, कॉन्टॅक्ट लेन्स काढून या, आणि काजळ, आयलायनर लावू नका, मोजमाप आम्हाला पापणीच्या काठावरूनच घ्यायचं असतं.