सासूबाईंच्या पणजीचं माहेर

दगडावर तिचं नाव, खाली "अमुकची बायको" आणि वय: ६४ वर्षं, १ महिना, १२ दिवस. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मक्याच्या शेतांमधली छोटीशी दफनभूमी. अक्षरं इतकी झिजलेली की मोबाइलचा टॉर्च दगडाला चिकटवून तिरका धरला तेव्हा कुठे वाचता आली. सासूबाई (त्यांना मी नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहिताना ते जमत नाही) म्हणाल्या, "ही माझ्या आजीची आई. हिचे आईवडील कोण, आमच्यात कुणालाच ठाऊक नाही." म्हणजे माहेर शोधायचं! म्हटलं, हे काम मी करते.

दोन वर्षं लागली.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि जुनी पानं फॅमिलीसर्च या वेबसाइटवर घरबसल्या फुकट बघता येतात. शोध मात्र उलटा, मरणाकडून जन्माकडे न्यायचा. १९०० साली ती विधवा, थोरल्या मुलाच्या घरी. जन्म मार्च १८४०, ओहायो. पुढच्या दोन रकान्यांशी मी बराच वेळ थांबले. झालेली मुलं ९, हयात ५. १८९० ची बहुतेक पानं वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीपायी गेली. १८८० मध्ये तिच्या आईवडिलांची जन्मराज्यं मिळाली. आडनाव मात्र सगळीकडे सासरचंच.

इथे मी माती खाल्ली. इंटरनेटवर कुणीतरी तयार करून ठेवलेल्या वंशावळीत तिचे आईवडील, आजीआजोबा सगळे हजर होते. तीन आठवडे मी त्याच घराण्यात रमले. मग लक्षात आलं की आमच्या बाईचं मूल आयोवात जन्मलं, त्याच वर्षी ही बाई ओहायोत बाळंत झाली होती. नाव तेच, बाई निराळी.

वाट सापडली ती लेकीमुळे. आयोवा राज्याने १९२५ साली स्वतःची जनगणना केली आणि त्यात प्रत्येकाच्या आईचं माहेरचं आडनाव विचारलं. सासूबाईंची आजी तेव्हा पंचेचाळिशीची. तिच्या ओळीत आईचं नाव, पुढे आडनाव: युंग.

दरम्यान पेन्शनची फाइल आली. आमच्या बाईचा नवरा अमेरिकन यादवी युद्धात शिपाई होता, म्हणून १८९० च्या कायद्याने विधवेला महिना ८ डॉलर आणि सोळा वर्षांखालच्या मुलामागे २. धाकट्या लेकीचं वय सिद्ध करायला जन्मदाखला कुठून आणणार? आयोवात जन्मनोंदणीच १८८० च्या जुलैत सुरू झाली, पोर त्याआधीची. मग शेजारणीने शपथेवर लिहून दिलं की बाळंतपणाला मी हजर होते. अर्जाखाली आमच्या बाईची सही नाही. एक वाकडी फुली, तिच्या भोवती कारकुनाने लिहिलेलं नाव आणि "हिची खूण". आपल्याकडचं "नि. डा. अं." आठवलं. तिच्या हातची एवढीच एक रेघ आमच्याकडे आहे.

युंग शोधून ओहायोत काही मिळेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "यंग बघ." जर्मन आडनाव, इंग्रजी कारकून! १८५० च्या पानावर दहा वर्षांची पोर, बापाच्या घरात, तीन भावांच्या खाली. वय, राज्यं, सगळं जुळलं; भावांपैकी एकाने पेन्शनच्या फाइलीत बहिणीच्या लग्नाची साक्षही दिली होती. आईचंही नाव पानावर आहे, अर्थात नवऱ्याच्या आडनावासह. म्हणजे आता तिचं माहेर.

१८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८४० च्या पानावर बापाच्या नावासमोर, पाच वर्षांखालच्या मुलींच्या रकान्यात १ आहे. ती आमची, तेव्हा तीन महिन्यांची. वीस ते तीस वयाच्या बायकांच्या रकान्यातही १.

सासूबाईंनी त्या दुसऱ्या एकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.