डावी पुंगळी

टाकीचं झाकण उघडलं तर आतून पेट्रोलचा वासच येईना. नुकतंच पॉलिश मारलेला पाट उन्हात ठेवल्यावर येतो तसला गोडसर, जुनाट वास. लाईट गेलेली, पंखा बंद, दुपारची झोप मोडलेली, म्हणून मी अंगणात येझदी मोटरसायकलपाशी जाऊन बसलो होतो. मामानं गावाकडचा गोठा पाडला तेव्हा ती आमच्याकडं आली, आणि तेव्हापासून ताडपत्रीखाली उभी होती.

पेट्रोलही शिळं होतं. त्यातला पटकन पेटणारा हलका भाग आधी उडून जातो आणि मागं राहतो तो जड, चिकट गाळ. कार्बोरेटरच्या भोकांत तो वाळून बसतो. त्यात आता इथेनॉल. २०२२ साली पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर. याबद्दल कुरकुर करायची आमच्या जिल्ह्यात सोय नाही. पाव्हण्यांपैकी निम्म्यांचा ऊस कारखान्याला जातो, त्याच्या मळीतून इथेनॉल निघतं आणि फिरून आपल्याच टाकीत येतं. मका आणि तांदळापासूनही ते करतात म्हणे, पण कोल्हापुरात हे कुणी फारसं मनावर घेणार नाही. तर हे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येणारा. पाणी फार झालं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात. इंजिनाकडं पेट्रोल सोडणारा कॉक नेमका तळालाच असतो. म्हणजे गाडीला पहिला घोट मिळतो तो याचाच.

हंगामात कारखान्याच्या रस्त्यानं जाताना मळीचा तो उग्र वास आला की बाहेरगावचे लोक काच वर करतात. मी खाली करतो. खोड आहे.

मामाची येझदी रोडकिंग. अडीचशे सीसी, एकच सिलिंडर, पण धुराच्या पुंगळ्या, म्हणजे सायलेन्सर, दोन. म्हैसूरच्या कारखान्यात आधी जावा व्हायची, १९७३ पासून येझदी आणि १९९६ ला सगळंच बंद. तिची गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. ज्याला हे ठाऊक नाही तो माणूस गाडीभोवती किक शोधत फिरतो. मामा मुद्दाम एखाद्या पाव्हण्याला म्हणायचा, "चालू करून आणा की जरा." मग आम्ही पोरं कट्ट्यावर बसून गंमत बघायचो. सोयरीक जुळवायला आलेला एक शहरी माणूस असाच बराच वेळ वाकून बघत राहिला होता. सोयरीक जुळली नाही. कारण वेगळं होतं, पण मामा क्रेडिट गाडीला देतो.

मामा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीला होता. फेटलिंगला. ओतलेल्या कास्टिंगच्या कडा दिवसभर ग्राइंडरवर घासायच्या. रात्रपाळी असली की तो जेवून, कानटोपी घालून निघायचा आणि पहाटे परत यायचा. सुट्टीत मी आजोळी असलो की त्याच्याबरोबर पंपावर जायचं काम माझ्याकडं. ही गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल आपण मिसळायचं, लिटरला ४० मिली. मामाकडं खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. अडीच लिटर पेट्रोलला ती एक बाटली. ती दोन्ही हातांत उभी धरून मी टाकीवर पुढं बसायचो. सांडली तर मामा रागवायचा नाही, फक्त "आता आज्जीला उत्तर तू दे" म्हणायचा.

कारण आज्जीचा कान. गाडी वेशीत वळली की ती चुलीपुढनं उठायची नाही, तिथूनच सांगायची, "आज ऑइल जास्त घातलंय. आवाज बघ कसा घोगरा येतोय." आणि खरंच धूर ढगासारखा मागनं यायचा. धुरानं गोठ्यातली डासं पळतात म्हणून तिची फारशी तक्रार नसायची. एकदा तिनं बसल्या जागी ओळखलं होतं, "प्लग गेलाय त्याचा, मी सांगतो तुला." आज्जीला प्लग म्हणजे नेमकं काय ते माहीत असावं असं मला वाटत नाही. शेजारच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की मिस्त्री "प्लग" म्हणतो हे तिनं ऐकलं असणार. डिझेलच्या त्या इंजिनाला प्लग असतोच कुठं? पण निदान बरोबर निघालं.

२०१९ च्या पुरात पाणी गावात शिरलं तेव्हा चार पोरांनी येझदी उचलून वरच्या सोप्यावर नेली. फ्रिज खालीच राहिला. मामी अजून ते काढते.

तर कामाला लागलो. असल्या ठेवलेल्या गाडीचं दुखणं कधीच एक नसतं. चार-पाच बारकी दुखणी एकदम असतात आणि एकमेकांच्या आड लपतात. माझा हट्ट एवढाच, की एका वेळी एकाच गोष्टीला हात लावायचा, मग किक मारायची, मग ऐकायचं. दोन गोष्टी एकदम केल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते जन्मात कळत नाही. आणि कळलं नाही तर मग काय उपयोग? चालवण्यापेक्षा मला त्याचीच चव जास्त.

पण गाडीपाशी उकिडवा बसलेला माणूस आपल्याकडं सार्वजनिक असतो. गल्लीतून जाणारा एकही मनुष्य गप्प पुढं जात नाही. "काय करायलायसा?" इथून सुरुवात. "करंट बघितलासा?" "टाकी धुतलीसा का?" एकजण दुधाची किटली खाली ठेवून आला आणि न विचारता कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवून गेला. अर्धाच, पण कुठल्या बाजूला ते पाठमोऱ्या माणसाला विचारणार कसं? दोन पोरं येऊन "काका, विकायची हाय का?" म्हणाली. हा प्रश्न तर येझदीवाल्याला दर सिग्नलला असतो.

शिळं पेट्रोल काढलं, ताजं घातलं. गाडी पेटली, पण चोक ओढलेला असेपर्यंतच; चोक सोडला की मेली. म्हणजे तिला हवा पुरेशी, पेट्रोल कमी. स्लोला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा स्लो जेट काढून उजेडाला धरला तर पलीकडचं काही दिसेना. वायरीतली तांब्याची एक बारीक तार घालून मोकळा केला. पोलादी तार घालायची नाही, पितळ आहे, भोक मोठं होतं. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट पूड साठली होती, तीही धुतली. मग ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. प्लगच्या गॅपला उद्यमनगरातले जुने मिस्त्री एक्सो ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा तुकडा घालून बघायचे. पातं साधारण ०.६ मिलीमीटरचं असतं, प्लगला तेवढंच लागतं. माझ्याकडं फीलर गेज आहे. तरी मी ब्लेडच घातलं.

आता ती स्लोला थांबायला लागली. डग् डग् डग्, अगदी ऐकत बसावं अशी. पण रस्त्यावर काढली तर जोर नाही. टेंबलाईच्या चढाला दुसऱ्या गिअरवरही रडायला लागली. ॲक्सिलरेटर जास्त दिला की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. क्लच बघितला, घसरत नव्हता. ब्रेक धरून राहिलाय का बघितला, चाकं मोकळी. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की गाडी थोडी पळून मरते, पण ही मरत नव्हती, नुसती दमत होती. ॲक्सिलरेटर वाढवल्यावर पेट्रोल सोडणारा मेन जेट साफ होता. इंजिनाचं कॉम्प्रेशन पायालाच कळत होतं, चांगलं होतं. इथं माझी यादी संपली. गल्लीतल्यांची संपली नव्हती, ती कधीच संपत नाही.

त्या आठवड्यात मामा दाताच्या डॉक्टरकडं म्हणून कोल्हापुरात आला. हल्ली त्याला ऐकू येत नाही. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कान तो फौंड्रीतच ठेवून आला. त्या काळात कानात कापसाचा बोळा घातला की झाली सेफ्टी. मशीन दिलंय, पण ते खिशात असतं. अंगणात येऊन त्यानं गाडीकडं बघितलं, मला हातानं खूण केली, चालू कर. केली. मला वाटलं, आता हा काय सांगणार.

तो मागं गेला, गुडघ्यावर हात टेकून सावकाश बसला आणि एक तळवा उजव्या पुंगळीपुढं धरला. मग डाव्या. मग परत उजव्या. मग दोन्ही हात दोन्हीकडं. मान हलवली आणि माझ्याकडं बघून डाव्या पुंगळीवर बोटानं टकटक केलं.

सिलिंडर एक असला तरी धूर दोन वाटांनी बाहेर पडतो आणि दोन्हीकडं दाब सारखा लागायला हवा. डावीकडं नुसती फुंकर येत होती. स्लोला एका पुंगळीवर भागत होतं, चढाला भागत नव्हतं. पुंगळी उतरवून आतली जाळी ओढली तर कुंभारीण माशीनं मातीची घरंच्या घरं बांधलेली. वाळून दगड झालेली. ती फोडताना प्रत्येक खोलीत वाळलेले कोळी निघाले. पिल्लांसाठी ठेवलेली शिदोरी. पिल्लं खाऊन उडून गेली असतील म्हणावं, तर हे कोळी तसेच शिल्लक. म्हणजे त्या खोल्यांतली पिल्लं झालीच नाहीत.

पुंगळी बसवली, किक मारली. एकाच किकेत. गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज गेला असणार, कारण किटलीवाला तिथूनच हात वर करत आला. मामानं परत दोन्ही तळवे धरले, समाधान झालं त्याचं. मग उठला, माझ्या खांद्याला धरून जवळ ओढलं आणि नको तितक्या मोठ्यानं विचारलं,

"आवाज कसा येतोय?"

सांगायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अंगठा वर केला. तो हसला.

थोडा पांढरा धूर अजून येतोय. क्रँकचं ऑइल सील वाळलं असणार, गिअरबॉक्समधलं तेल खात असेल. पुढच्या रविवारी तेलाची पातळी बघायची आहे.