बेळगाव, शिनोळी, कणकुंबी: हद्दीवरचा रस्ता आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

आधी महत्त्वाचं सांगतो, बेळगावहून गोव्याकडं जाताना लागणाऱ्या जांबोटी ते कणकुंबी रस्त्याबद्दल कुणी काहीही सांगू दे, विश्वास ठेवू नका. "एक नंबर रोड हाय, तासाभरात पोचताय बगा" असं मला बेळगावात सांगितलेलं. जांबोटी सोडली आणि डांबर शोधायची वेळ आली, खड्डा चुकवावा तर पुढं दुसरा, समोरून गोव्याचे ट्रक अंगावर, कडेची लाल माती पावसानं निसरडी झालेली, तिसरा गिअर म्हणून पडला नाही. जांबोटीतल्या हॉटेलवाल्या मावशींनी चहा देतानाच बजावलं होतं, "पावणं, सावकाश जावा, काल एक गाडी घसरलिया." त्यांचंच खरं निघालं. खाली घासणारी कार नेऊ नका, पावसाळ्यात तर नकोच, अंधारात अजिबात नको, एका बाजूला भीमगडचं जंगल आहे, पंक्चरवाला मिळणार नाही.

एवढं सोसून कणकुंबी बघावं का? बघावंच. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, ते पाणी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळतं. आणि तिथलाच कळसा नाला म्हादईला मिळून गोव्याकडं जातो, कर्नाटक-गोव्याचं भांडण याच पाण्यावरून चाललंय. ही हद्द डोंगरानं घातलेली आहे, डोळ्यांना दिसते, पटते. माणसं मात्र अलीकडंही मराठी, पलीकडं गोव्यातही मराठी-कोकणी.

शिनोळीची महाराष्ट्र-कर्नाटक हद्द तशी पटत नाही. बेळगाव-वेंगुर्ला रोडवर बाची संपलं की शिनोळी, पाट्यांवरची कन्नड जाते, मराठी येते, बाकी भात तेच, रताळी तीच, बोलायचा हेलसुद्धा तोच. शिनोळी ज्यात येतं तो चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, त्या वर्षी 1 नोव्हेंबरला तो इकडं महाराष्ट्राच्या बाजूला राहिला आणि बेळगाव तिकडं कर्नाटकाच्या बाजूला गेलं. आजही चंदगडची रताळी बेळगावच्याच मार्केटला जातात, पेशंटही तिकडंच नेतात. या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राची सुप्रीम कोर्टातली केस 2004 ची, अजून निकाल नाही. उलट खानापूर तालुक्यात पश्चिमेकडून पूर्वेला गेलात तर मराठी कमी होत कन्नड कधी सुरू झाली ते कळतच नाही, मधल्या गावांत माणसं दोन्ही बोलतात. भाषेची हद्द अशी पट्ट्यासारखी असते आणि त्यावर एक रेघ मारून मोकळं होणं मला अन्यायाचंच वाटतं.

बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला सोपा आहे, गाडी वरपर्यंत जाते.

बेळगाव स्टँडबाहेर रिक्षा पकडू नका. माझ्याकडून दीडशे घेतले, येताना तेवढ्याच अंतराला साठ. मीटर कुणी टाकत नाही, थोडं चालत पुढं जा आणि आधी भाडं ठरवा. कर्नाटकच्या बसवर गावाचं नाव बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतं, कंडक्टरला मराठीत विचारा, नीट सांगतात.

1 नोव्हेंबरला जाऊ नका, एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन, शहरात गाडी हलत नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज मिळणं अवघड, आणि वातावरण तापलं तर एसटी हद्दीवरच थांबते, तेव्हा आदल्या दिवशी डेपोत फोन करा. पेट्रोल बेळगावातच फुल करा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. कणकुंबीहून दुपारी तीनच्या आत परत फिरा.