तुम्ही विचारलंत म्हणून: चीनमधली तरुण मुलं खरंच मोकळी झाली आहेत का?

शांघायची नोकरी संपवून पुण्यात परतल्यापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. चारचौघांत विचारायला लोक बिचकतात. मग जेवणं झाल्यावर, ओट्यापाशी भांडी आवरताना हळूच विषय निघतो. "काय गं, तिकडे मुलं-मुली लग्नाआधीच एकत्र राहतात म्हणे? एवढं कडक सरकार, ते काही म्हणत नाही का?" आणि पाठोपाठ उत्तरही तेच देतात, "सगळं अमेरिकेचं वारं, दुसरं काय!"

मला हे अजिबात पटत नाही. चिनी तरुणांच्या खासगी आयुष्यात जे बदललं, ते मुख्यतः त्यांच्याच सरकारच्या निर्णयांमुळे बदललं, आणि जिथे येऊन अडलंय, तिथेही सरकारच आडवं उभं आहे.

पूर्वी शहरातला माणूस ज्या कारखान्यात किंवा कचेरीत कामाला असे, ती त्याची 'दानवेई' त्याला घरही द्यायची. लग्न करायचं तर तिचं पत्र लागायचं. हॉटेलात खोली हवी असेल तर जोडप्याकडे लग्नाचा दाखला मागत. १९७९ च्या फौजदारी कायद्यात 'गुंडगिरी' नावाचं एक कलम होतं. लग्नाबाहेरचे संबंध असोत की दोन पुरुषांमधलं प्रेम, पोलिसांच्या मनात आलं तर काहीही त्यात बसवता यायचं. १९८३ मध्ये सरकारनं गुन्हेगारीविरुद्ध जी मोठी धरपकड केली, तीत तर घरी नाचाच्या पार्ट्या केल्या म्हणूनही लोक तुरुंगात गेले. १९९७ मध्ये हे कलम रद्द झालं, २००१ मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून वगळली गेली आणि २००३ मध्ये लग्नासाठी दानवेईच्या पत्राची अटही संपली.

पण माझ्या मते खरा फरक पडला तो घरांमुळे. १९९८ पासून दानवेईनं घरं वाटणं बंद झालं आणि भाड्याच्या खोल्यांचा बाजार उभा राहिला. माझ्या ऑफिसात हुनान प्रांतातली एक मुलगी होती. ती मित्राबरोबर राहायची. दोघं फ्लॅट बघायला गेली तेव्हा मीही बरोबर होते. घरमालकीणबाईंनी एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं मागितलं, ओळखपत्रं पाहिली आणि गॅसचं बटण कसं फिरवायचं ते दाखवलं. तुमचं नातं काय, हा प्रश्नच आला नाही. पुण्यातल्या सोसायट्यांचे नियम आठवून मी थक्क झाले होते.

आकड्यांतही हे दिसतं. समाजशास्त्रज्ञ ली यिन्हे यांनी १९८९ मध्ये बीजिंगमध्ये पाहणी केली, तेव्हा लग्नाआधी संबंध आल्याचं सुमारे १५ टक्के लोकांनी सांगितलं होतं. २०१२ मध्ये एका चिनी मासिकाच्या पाहणीत हेच प्रमाण ७१ टक्क्यांच्या घरात होतं.

या सगळ्यामागे एक-मूल धोरणही आहे, आणि त्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. त्या धोरणाच्या नावाखाली सक्तीचे गर्भपात झाले, बायकांच्या शरीरावर सरकारनं पाळत ठेवली. ते अक्षम्यच आहे. पण संबंध आणि मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच धोरणानं घराघरात पोचवलं. गर्भनिरोधनाची साधनं सरकारच वाटत होतं. शहरातल्या एकुलत्या एक मुलीवर आईबापांनी सगळी पुंजी लावली. ती शिकली, कमावती झाली, आणि मग कुणाबरोबर राहायचं हेही स्वतःच ठरवू लागली.

शिकवलं मात्र तिला कुणीच काही नाही. बसवर 'वेदनारहित गर्भपाता'च्या जाहिराती झळकायच्या, हसऱ्या तरुणीचा फोटो लावून. शाळेत मात्र या विषयावर गप्प. २०१७ मध्ये हांगचौमधल्या एका शाळेनं मुलांना लैंगिक शिक्षणाचं चांगलं, सचित्र पुस्तक दिलं. एका आईनं चित्रांवर आक्षेप घेतला, गदारोळ झाला आणि शाळेनं पुस्तकं परत घेतली. मला याचा फार राग येतो.

आणि लग्नाचा तगादा तर सुटलेलाच नाही. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप आपल्या मुलामुलींसाठी स्थळ शोधायला उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवून बसतात. प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे का, शांघायची रहिवासी नोंद आहे का. ज्यांच्यासाठी हे चाललंय ती मुलं बहुतेकदा तिथे नसतातच. मी वाकून एक कागद वाचत होते, तर एका काकूंनी विचारलं, "मुलगा आहे का तुमच्याकडे?" त्यांची मुलगी तिशीला टेकलेली, डॉक्टर. तिला मित्र आहे हे काकूंना माहीत होतं. त्यालाही त्यांची हरकत नव्हती, फक्त तो लग्नाचं नाव काढत नाही म्हणून त्या छत्री घेऊन बसल्या होत्या.

म्हणजे लग्नाआधी संबंध चालतात, पण लग्नाशिवाय मूल चालत नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख जोडप्यांनी लग्नाची नोंदणी केली होती, २०२४ मध्ये ती ६१ लाखांवर आली. आता सरकारला मुलं हवी आहेत. तीन मुलांना परवानगी आहे, सिच्वानसारख्या प्रांतानं २०२३ मध्ये अविवाहित आईलाही जन्माची नोंद करायची मुभा दिली. पण बीजिंगमधली एक अविवाहित तरुणी स्वतःची स्त्रीबीजं गोठवून ठेवायला गेली, तेव्हा हॉस्पिटलनं नकार दिला. ती कोर्टात गेली, वर्षानुवर्षं लढली आणि २०२४ मध्ये अंतिम निकालातही हरली. अविवाहित पुरुषाला मात्र वीर्य साठवून ठेवता येतं.

हुनानच्या त्या मैत्रिणीचं आणि तिच्या मित्राचं पुढे पटलं नाही. तिला आता नवरा नको, पण मूल हवंय. परदेशातल्या क्लिनिकमध्ये तिनं चौकशी केली, तर खर्च तिच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त निघाला. तरी ती पैसे साठवतेय.