गाडी गॅरेजात, हातात दुसऱ्याची

आपला ट्रक क्लच प्लेटसाठी गॅरेजात उभा आणि आज भाडं दुसऱ्याच्या दहाचाकीवर. अशा दिवशी पहिली पंधरा मिनिटं गाडी ओळखण्यात घालवावीत.

आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी. यातलं एक जरी संपलेलं असेल तर सरळ चावी परत द्या.

मग ब्रेक. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा पूर्ण भरू द्या, चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, हँडब्रेक सोडा, इंजिन बंद करून पायब्रेक दाबून धरा. पहिल्या दाबाला काटा थोडा उतरतोच, पण नंतरही सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. हवेच्या टाकीचं पाणीही काढा, पावसाळ्यात फार साचतं.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची गाडी) असेल तर निळं झाकण युरियाचं, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रवाच्या टाकीचं. युरिया चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर स्टार्टर मारूच नका, इग्निशनही चालू करू नका. पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात.

रिव्हर्स कुठे पडतो ते मोकळ्या जागेत बघून घ्या. कसारा उतरताना अनोळखी गाडी नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) वापरा. नुसत्या पायब्रेकवर उतरलं की ड्रम तापतात, लायनर पकडत नाहीत.