अप्पांचं वर्षश्राद्ध

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. अप्पा एसटीत कंडक्टर, रत्नागिरी-कोल्हापूर गाडीवर. आंबा घाट उतरून कितीही उशिरा घरी आले, तरी खाकी शर्टाच्या खिशात आमच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की असायचीच. कधी विसरले नाहीत, एकदाही नाही.

निवृत्तीनंतर नात हेच त्यांचं जग. झोपाळ्याची एसटी व्हायची. ती ड्रायव्हर, अप्पा कंडक्टर. हातात जुना तिकिटाचा पंच, टिक टिक. "चला, साखरपा उतरा!" गुडघे दुखत असले तरी फेरी चुकायची नाही.

सकाळी कावळ्यासाठी पान ठेवलं. वडे, खीर, अळूचं फदफदं, सगळं त्यांच्या आवडीचं. लेक आतून धावत आली आणि तो पंच पानाशेजारी ठेवून म्हणाली, "आजोबांना लागेल ना."

मला पुढे काही दिसेचना.