पाळीची लढाई की बोटांची? योकोहामातील एक न मिटणारा वाद

आरपीजी, म्हणजे खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, व्हिडिओ गेममधील लढाई पाळीपाळीने व्हावी की खेळाडूच्या बोटांच्या चपळाईवर, हा प्रश्न जपानमध्ये कोणी पोरखेळ समजत नाही. १९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि 'लढा', 'मंत्र', 'पळा' अशा यादीतून आज्ञा निवडत शत्रूला नमवण्याची रीत इथल्या शाळकरी मुलांच्या अंगवळणी पडली. ती मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्यांतले काही जण माझे सहकारी आहेत. काम आटोपून योकोहामातील साकुरागिचो स्थानकाजवळच्या नोगे भागात आम्ही जेवायला बसलो की, आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीवरून होते तशी खडाजंगी इथे या विषयावरून होते.

त्यांतील एक ज्येष्ठ सहकारी आता पूर्णपणे अ‍ॅक्शनच्या (म्हणजे बोटांच्या चपळाईवर चालणाऱ्या लढाईच्या) बाजूचे आहेत. शत्रू तलवार उगारून समोर उभा असताना खेळाडू निवांतपणे यादी चाळत बसला, तर लढाईतला धोकाच नाहीसा होतो, असे ते म्हणतात. दाखला म्हणून ते २०२३ चा 'फायनल फँटसी १६' पुढे करतात. त्याच्या लढाईची जबाबदारी 'डेव्हिल मे क्राय ५' या हाणामारीच्या गेमवर काम केलेल्या र्योता सुझुकी यांच्याकडे होती, आणि वार चुकवून नेमक्या क्षणी उलट वार करण्यातला थरार त्यात पुरेपूर उतरला आहे, हे मलाही मान्य आहे.

पण ज्या खेळात मी दुसऱ्या कोणाची तरी भूमिका घेतो, त्या खेळाच्या लढाईत त्या पात्राचे गुण दिसावेत, माझ्या अंगठ्याचा वेग नव्हे, असे मला ठामपणे वाटते. या बाबतीत २००१ च्या 'फायनल फँटसी १०'इतकी स्वच्छ रचना मला दुसरी आढळलेली नाही. पुढच्या पाळ्या कोणाकोणाच्या आहेत, हे पडद्याच्या उजव्या कडेला सतत दिसत असते आणि एखादी चाल नुसती निवडून पाहिली तरी तो क्रम बदललेला दिसतो. उडणाऱ्या शत्रूवर वाक्का या पात्राचा चेंडू अचूक बसतो, कठीण कवचाच्या शत्रूला ऑरन या दुसऱ्या पात्राची तलवार भेदते, आणि पाळी न गमावता ऐन लढाईत साथीदार बदलता येतो. त्यामुळे कोणाला पुढे आणायचे, कोणाला मागे घ्यायचे, याचा विचार हीच खरी लढाई ठरते. पावलापावलावर अचानक उद्भवणाऱ्या किरकोळ चकमकींत मात्र हा विचार उरत नाही, एकच बटण दाबत राहावे लागते, आणि या पद्धतीचा तो खरोखरीचा दोष आहे.

आमच्या शहरापुरता हा वाद २०२० च्या जानेवारीत वेगळ्याच वळणावर गेला. २००५ पासून हाणामारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या 'याकुझा' या गेममालिकेचा सातवा भाग पाळीच्या लढाईचा निघाला, आणि त्याचे कथानक घडते ते योकोहामातील इसेझाकिचोवरून बेतलेल्या वस्तीत. आदल्या वर्षीच्या १ एप्रिलला या लढाईची झलक दाखवली गेली, तेव्हा ती थट्टाच वाटावी अशी होती. त्याचा नायक इचिबान लहानपणापासून 'ड्रॅगन क्वेस्ट'चा वेडा आहे, म्हणूनच रस्त्यावरची मारामारीही त्याला पाळीपाळीची दिसते. लढाईची रीत नायकाच्या स्वभावातून उगवल्याचे इतके सुरेख उदाहरण विरळाच.

तरी त्यात एक उणीव होती. पात्रे आणि शत्रू आपापले फिरत राहत, त्यामुळे एकाच फटक्यात किती जण सापडतील हे बरेचसे नशिबावर असे. २०२४ च्या पुढच्या भागात, 'इन्फिनिट वेल्थ'मध्ये, आपली पाळी आली की पात्राला एका वर्तुळाच्या आत हवे तिथे उभे करता येते आणि शत्रूला साथीदाराच्या दिशेने उडवले तर तोही त्याला एक तडाखा देतो. माझ्या सहकाऱ्यांच्या मते ही अ‍ॅक्शनपुढे पत्करलेली माघार आहे. मी ते मानत नाही, कारण वर्तुळात जागा शोधताना वेळेचे बंधन नसते. कुठे उभे राहायचे हा निवडीचा आणखी एक प्रश्न तेवढा त्यात वाढला आहे.